कपाट आणि पेटी एकाच छपराखाली

प्रिय अक्का,

सलाम.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आधी कधी लिहिणार? धुळ्याहून जळगावला आलो तेव्हापासून आपण भाऊबहीण एकाच दुकानात. मी रंध्यावर, तू कोपऱ्यात शिलाईच्या मशीनवर. "शांत्या!" अशी हाक आली की मी हजर, "अक्का!" म्हटलं की तू. आपल्या दोघांत पोस्टमनला काही कामच नव्हतं. आता चुकून हाक निघते, कारागीर वर बघतात, आणि लगेच माना खाली घालतात. म्हणून कागद घेतला.

आज रविवार. उपासनेहून आलो, जेवलो, आणि दुकानाचं शटर अर्धं वर करून आत येऊन बसलो आहे. कारण सांगतो. ह्या आठवड्यात, तुझ्या जाण्यानंतरची पहिली पेटी आपल्या दुकानातून बाहेर पडली. भडगावला गेली. आणि ती केली म्हणून दुकानाकडे चालून आलेलं सगळ्यात मोठं काम हातचं गेलं. पोरगा सुधीर माझ्याशी कामापुरतं बोलतो. तुला हे कोणीतरी सांगायला हवं ना? मग मीच सांगतो.

हे पत्र मी आपल्या चर्चमधल्या मंडळीच्या मासिकाला देणार आहे, त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. तेवढं चालवून घे. आपल्या दुकानात लग्नाची कपाटं, पलंग, आरशाची टेबलं होतात. आणि कोणी प्रभूमध्ये निजलं, तर त्याची शवपेटीही होते. लाकूड माझं, आतलं अस्तर आणि उशी तुझी. दोन्ही कामं एकाच छपराखाली. सगळी कटकट त्या "एकाच"मुळे!

कसं सुरू झालं होतं, आठवतं? दुकान नवीन होतं. मंडळीतले रेल्वेत राबलेले एक आजोबा गेले. आपण मातीला गेलो. पेटी कोणीतरी घाईघाईत ठोकून आणली होती, कुठल्याशा यंत्राच्या खोक्याच्या फळ्यांची. बाजूवर काळ्या शाईत बाण छापलेला, आणि खाली काचेच्या पेल्याचं चित्र: नाजूक माल, हा भाग वर ठेवा. तो बाण आजोबांच्या पायांकडे रोखलेला. सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. तू तसं केलं नाहीस. घरी येताना आपण रेल्वे फाटकाशी आलो. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. तेव्हा म्हणालीस, "शांत्या, तो माणूस होता की माल?"

मी म्हटलं, "गाडी जाऊ दे, मग बोलू."

"बोलायचं काय त्यात? पुढची आपण करायची."

झालं! एवढीच आपल्या पेटीखात्याची स्थापना. ना ठराव, ना समिती.

मग तुझे नियम आले. तयार पेटी करून ठेवायची नाही. तयार ठेवली की माणूस नकळत गिऱ्हाइकाची वाट बघायला लागतो, असं तू म्हणायचीस. भाव सांगायचा नाही. आणि झाकण लावताना हातोडी चालवायची नाही. स्क्रू, तोही हाताने, पेचकस सावकाश फिरवून. मला आधी वाटलं, हे बायकी नखरे. मग एकदा दुसऱ्या कोणाची पेटी बंद होताना मी आवारात उभा होतो. माझे कान कसे आहेत, तुला माहीत आहे. फळीवर टिचकी मारली तर आत कीड आहे की नाही हे मला ऐकू येतं. त्या दिवशी खिळ्यावर पहिला घाव पडला, आणि त्या घावासरशी गेलेल्याच्या आईच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी ऐकला. त्यानंतर तुझ्या नियमावर मी परत कधी हसलो नाही.

एक नियम मात्र आपल्या फजितीतून आला. दीपनगरच्या कॉलनीत कोणी गेलं होतं, वरच्या मजल्यावरचं क्वार्टर. पेटी आपण माणसाच्या मापाने केली, अगदी बेतशीर. जिन्याच्या वळणावर ती अडकली. ना वर जाईना, ना खाली येईना! शेवटी ती खाली ठेवून त्या गृहस्थांना चादरीत धरून जिना उतरवावं लागलं. त्यांची बायको भिंतीला टेकून बघत होती. परतीच्या टेम्पोत तू डोक्याला हात लावून बसलीस. म्हणालीस, "आपण मेलेल्याचं माप घेतलं रे, घराचं नाही घेतलं." तेव्हापासून फोन आला की तुझा पहिला प्रश्न, "दार केवढं आहे? जिना वळतो का?" लोक चक्रावायचे. कोणी गेल्यावर लोक वय विचारतात, आजार विचारतात. ही बाई दार विचारते!

रडू नकोस, हसवतो. तो सावद्याचा केळीवाला आठवतो? अस्तर लावलेली पेटी भिंतीला टेकून होती. तो आला, मऊ मऊ हात फिरवला आणि म्हणाला, "अक्का, हा दिवाण केवढ्याला? पोराच्या खोलीत छान बसेल." कारागीर तोंडात बोळे कोंबून पळाले. तू शांतपणे म्हणालीस, "अण्णा, हा एकदा नेला की बदलून मिळत नाही. तुम्ही तो तिकडचा बघा." त्याने तिकडचा घेतला, आणि तू घामाघूम होऊन स्टुलावर बसलीस.

धर्माबद्दल तू कोणाशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने खोचकपणे विचारलं होतं, "तुम्ही लोक प्रचार करता म्हणे?" तू म्हणालीस, "करते ना. तो ड्रॉवर ओढून बघा." त्याने ओढला. अडकला नाही, खडखडला नाही. "आता कपाटाच्या मागे जाऊन हात फिरवा." मागची बाजू, जी जन्मभर भिंतीकडे तोंड करून राहणार, तीही काचपेपरने घासलेली. पुढे त्याच्या दोन्ही मुलींची कपाटं आपल्याकडेच झाली.

पण सगळेच काही तसे नव्हते. बोदवडच्या त्या काकू! मुलीच्या लग्नाचं सामान बघायला मायलेकी आल्या, आणि नेमकी त्याच वेळी पेटी टेम्पोत चढत होती. काकू उंबऱ्यावरच थबकल्या. मुलीच्या कानात कुजबुजल्या, "चल गं बाई. नव्या संसाराला ह्या हातचं कपाट?" त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नाही. मला ऐकू जात नाही असं काही ह्या दुकानात होत नाही. मी चिडलो. तू तांब्या घेऊन पुढे गेलीस. "ऊन मरणाचं आहे ताई, पाणी तरी पिऊन जा." "मरणाचं" म्हणून तूच जीभ चावलीस! त्यांनी पाणी घेतलं, पण परत आल्या नाहीत. आणि तू त्या रविवारी त्या मुलीसाठी प्रार्थना केलीस. नाव विचारायचं राहिलं होतं, म्हणून नुसतंच "ती बोदवडची मुलगी, तिचं भलं होऊ दे" म्हणालीस.

त्यानंतर मी तुला म्हटलं होतं, पेट्यांसाठी मागे वेगळी शेड बांधू. दुसरं दार, दुसरी पाटी. धंद्याला आडपडदा बरा. तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कपाटात काय ठेवतात रे?"

"शालू. लग्नाचा."

"आणि पेटीत कोण असतो? ज्याने तो शालू घेऊन दिला तो बाप. मग एकाला पुढचं दार आणि एकाला मागचं का?"

मी शेड बांधली नाही.

आता माझी तक्रार ऐक. पोटात दुखतंय हे तू किती महिने लपवलंस? मशीनवर वाकून बसायचीस ते काम बघायला नव्हे, दुखणं दाबायला, हे मला दवाखान्यात कळलं. इतके तीक्ष्ण कान असून मला तुझं कण्हणं ऐकू आलं नाही! की मशीन मुद्दाम जोरात चालवायचीस? खरं सांग.

आणि दुसरी तक्रार त्याहून मोठी. अस्तर लावायला तू कोणाला शिकवलं नाहीस. दीडदमडीची वाटणारी गोष्ट, पण तू गेलीस त्या दिवशी मी पेटी केली आणि आत बघतो तर नुसती लाकडं. तुझ्याच पेटीला अस्तर लावायला तू नव्हतीस! शेजारचे गादीवाले रफिकचाचा पिंजलेला कापूस घेऊन आले. म्हणाले, "शांतूभाई, हमारे में तो पेटी होती नहीं, कफन में ही सुलाते हैं. पर अक्का की उशी का कापूस मेरा. बोलना नहीं कुछ." मी कापूस घेतला. कापड मीच लावलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. माझे हात करवतीचे. एका बाजूला चुण्या पडल्या, कोपऱ्यात कापड कमी पडलं. तू आत निजलीस तेव्हा तो कोपरा मी तुझ्या पदराने झाकला. तुला टोचलं नाही ना गं?

आता ह्या आठवड्याचं.

तू गेल्यापासून पेटीचा निरोप आलाच नव्हता. लोकांना वाटलं असेल, अक्का गेल्या, आता कोण करणार. सुधीरलाही तसंच वाटलं. तुझा भाचा हुशार आहे, आणि माझ्यासारखा नुसत्या बोलण्यावर विसंबून नाही. त्याने धुळ्याच्या एका मोठ्या फर्निचरवाल्या शेठशी बोलणं लावलं. त्यांची दुकानं आहेत, लग्नसराईचा माल ते बाहेरून करून घेतात. कपाटं, पलंग, टेबलं, सगळं वर्षभर आपल्याकडून घ्यायला तयार. अक्का, वर्षभर! पावसाळ्यात आपले कारागीर घरी बसतात, मिळेल त्या कामाला जातात, हे तूही बघितलं आहेस. ते संपलं असतं.

शेठ सकाळी आले. माणूस भला. कपाटाच्या मागे स्वतःहून हात फिरवून बघितला, तेव्हाच मी ओळखलं की ह्याला काम कळतं. चहा आला. कप हातात घेऊन ते म्हणाले, "शांतवनभाऊ, तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. एकच विचारायचं होतं. ते दुसरं काम बंद झालंय ना आता?"

"कोणतं?"

"ते... पेटीचं. सुधीर म्हणत होता, आत्या गेल्या, आता ते होत नाही."

मी सुधीरकडे बघितलं. तो प्लायच्या थप्पीकडे बघत होता. खोटं बोलला नव्हता तो. होत नव्हतंच ना.

शेठ म्हणाले, "माझं स्वतःचं काही नाही हो. पण गिऱ्हाईक! नवरीचा पलंग आणि ते, एकाच हातचं आहे असं कळलं, तर माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही कोणी. एवढा शब्द द्या, मग पुढचं सगळं तुम्ही म्हणाल तसं."

तेवढ्यात फोन वाजला. भडगावहून. आवाज ओळखीचा नव्हता, बोलणं अहिराणीतलं.

"भाऊ, अक्का शे का?"

मी म्हटलं, अक्का देवाघरी गेल्या, मी त्यांचा भाऊ बोलतो. तो म्हणाला, "आमनी माय गयी सकायले. पेटी पाहिजे व्हती." मग स्वतःच म्हणाला, "पन अक्का नहीत तं राहू द्या. पोरं खाट मोडी राह्यनात. आम्ही आठेच करी लेतस काहीतरी."

अक्का, त्याच्या बोलण्यामागे मला ऐकू येत होतं. कुऱ्हाडीचा दांडा उलटा करून मारल्याचा आवाज. मग लाकडातून खिळा उपसल्याची ती चिरकी किंकाळी. जुनी बाभळीची खाट असणार, आवाजावरूनच कळलं. बहुतेक तिचीच खाट. तिच्या मुलांना तिचीच खाट मोडून तिची पेटी ठोकायची होती.

मी म्हटलं, "थांबवा ते. पेटी येते. दिवस मावळायच्या आत आणतो." आणि तोंडातून आपसूक निघालं, "दार केवढं आहे?"

त्याने सांगितलं. मग मी विचारलं, माय उंचीने केवढ्या होत्या. तिथे तो फुटला. "लहान व्हती भाऊ. पहिले नही, पन आते आते माय लहान व्हई गयथी."

मी फोन ठेवला. शेठनी कप खाली ठेवला होता.

"म्हणजे बंद नाही."

"नाही, शेठ."

"शांतवनभाऊ, विचार करून बोला. मी थांबतो. घाई नाही."

"विचार केला असता हो. पण तिकडे खाट मोडतायत."

शेठ रागावले नाहीत. उठून हात जोडले. "मग आपलं नाही जमायचं." पायरी उतरता उतरता वळून म्हणाले, "त्या माउलीला माझाही नमस्कार सांगा." सांगितलं ना, माणूस भला.

गाडी गेल्यावर सुधीर इतकंच म्हणाला, "पप्पा, पावसाळ्यात कारागिरांना पगार म्हणून काय वाटायचं? पेट्या?"

तुझ्याकडे ह्याला उत्तर असतं का गं? मला वाटतं, नसतं. तू म्हणाली असतीस, "आधी फळ्या काढ."

मी फळ्या काढल्या. निंबाच्या, सुकलेल्या. कारागिरांनी हातातली कपाटं बाजूला ठेवली. दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. घासली. मग मी पांढरं कापड घेऊन बसलो आणि पहिल्याच कोपऱ्यात तीच चुणी. सोडलं, परत लावलं. परत चुणी. सगळे बघत होते, आणि कोणाला बघायचं नव्हतं.

सुधीरने येऊन कापड माझ्या हातातून ओढून घेतलं. "सोडा. वाया घालवाल."

तुझ्या मशीनवर झालर शिवून तो पेटीपाशी आला. कापड तिरकं धरलं, तू धरायचीस तसं. आधी मध्यभाग लावला, मग बाजू, कोपरे सगळ्यात शेवटी. दोन बोटांनी कडा आत मुडपली. त्यावर झालर. उशीला रफिकचाचांचा कापूस भरला, आणि भरून झाल्यावर हाताच्या मुठीने मधोमध हलका खळगा केला, डोक्यासाठी. तो खळगा मी कधी बघितलाच नव्हता गं! इतकी वर्षं तू करत होतीस?

"तुला कधी शिकवलं आत्याने?"

"शिकवलं नाही. शाळेतून येऊन मी इथेच अभ्यासाला बसायचो ना. दिसत होतं." मग वर बघून म्हणाला, "आणि मी हे करतोय म्हणजे तुमचं मला पटलं, असं समजू नका."

"नाही समजत."

टेम्पो त्यानेच चालवला. उतरत्या उन्हात भडगावला पोहोचलो. अंगणात अर्धी मोडलेली खाट पडली होती. फोनवर बोललेला तो वसंत, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याने पेटीत हात घालून उशी दाबून बघितली आणि भावाला म्हणाला, "मऊ शे रे." पेटी दारातून सरळ आत गेली. झाकण लावलं तेव्हा घरात नुसता पेचकस फिरल्याचा आवाज होता आणि बाहेर कोणाची तरी म्हैस. माती झाली. मंडळी तिथे थोडी. खांदा द्यायला शेजारचे शेतकरीच जास्त होते.

नंतर नळावर हात धूत होतो. त्या शेजाऱ्यांतले एक आबा जवळ आले. डोक्याला मळका रुमाल, हातात काठी.

"भाऊ, हाई पेटी तुम्हीच घासी का?"

"आमच्या दुकानातच झाली, आबा."

"हाई तं मातीम्हा जानारी. मग इतली कसाले घासी?"

मला तुझं एखादं वाक्य आठवेना. म्हटलं, "आमच्या अक्काची सवय."

आबांनी मान हलवली, थोडे गेले, परत आले. "मनी नातीनं लगीन शे. कपाट तुम्हीच करा."

त्यांचा मुलगा ओशाळला. "आबा! आज? आठे?"

"मंग काय? जो मातीमधलं लाकूड इतलं घासस, तो कपाट कसं करी! आनि मरन काय, लगीन काय, बठ्ठं एकाच घरम्हा व्हस ना!"

अक्का, तू हेच शालूचं सांगितलं होतंस. मला ते कळायला तुझे शब्द पुरले नाहीत; भडगावचे एक आबा लागले. सुधीर नळापाशीच उभा होता. त्याने ऐकलं. पण मी त्याच्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

कारण मला फसायचं नाही. एक कपाट म्हणजे धुळ्याचं वर्षभराचं काम नव्हे. देवाचं काम केलं की देव लगेच ऑर्डर धाडतो, असं कोणी उपदेशात सांगितलं तर मी उठून बाहेर जाईन. पावसाळा यायचा आहे आणि कारागिरांच्या घरी चूल आहे. तो हिशेब माझा आहे, तुझ्या नावावर ढकलून चालणार नाही. उद्यापासून मी भुसावळ, पाचोरा, जिथे शाळांचे बाक मोडलेत तिथे फिरणार आहे. बोलायला मला कधी लाज वाटली नाही, आणि पाय अजून शाबूत आहेत.

परत येताना पाचोऱ्याच्या पुढे सुधीर बोलला. रस्त्यावरून नजर न काढता.

"पप्पा, तुम्ही आहात तोवर पेट्या होतील, हे मला माहीत आहे. तुमच्यानंतर मी करीन की नाही, ते मला माहीत नाही. तेव्हाचं तेव्हा. पण आत्याचं नाव घेऊन मला विचारू नका. तिचं नाव घेतलं की मला नाही म्हणता येत नाही, आणि मग ते माझं म्हणणं राहत नाही."

मला वाईट वाटलं, हे तुझ्यापासून कशाला लपवू? मनात पहिला विचार आला तो हाच, की म्हणावं, "आत्या काय म्हणाली असती?" जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग तुझंच आठवलं. तू मला कधी बांधलंस? आई-वडील गेल्यावर धुळ्यात मिशनच्या बोर्डिंगमध्ये तू सुई धरलीस, मला मिस्त्रीकडे धाडलंस. एकदा तरी म्हणालीस का, मी तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू अमुक कर? त्या फाटकाशीसुद्धा तू "आपण करायची" म्हणालीस, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फळी तू उचलली होतीस. मी उचलावी म्हणून थांबली नव्हतीस. मी उचलली ती माझ्या मनाने. म्हणून तर ती अजून हातातून सुटत नाही!

तेव्हा अक्का, हे पत्र संपवण्याआधी तुला दोन शब्द देतो.

एक हा की माझे हात चालतील तोवर पेटी ह्याच छपराखाली होईल, कपाटाच्या शेजारी, पुढच्याच दाराने बाहेर पडेल. ह्याला मला कोणाची परवानगी नको.

दुसरा जास्त अवघड आहे. सुधीरला मी तुझ्या नावाने कधीही बांधणार नाही. माझ्या शेवटच्या आजारातही नाही, डोळ्यांत पाणी आणूनही नाही. तो करील तर त्याच्या मनाने करील. न केली, तर मी त्याच्यावर रुसून तुझ्याकडे येणार नाही. देवाने त्याच्याशी बोलायचं असेल तर देव बोलेल. मध्ये मी नको, आणि तुझा फोटो तर मुळीच नको.

हा शब्द मोडावासा वाटेल. तेव्हा तिकडून मला जरा दटाव.

तुझा धाकटा भाऊ,
शांतवन